कढत पाणी

१

ठाकूरद्वारच्या त्या वाडीत आता बहुतेक घरांतून स्टोव्हवर पाणी तापायचं. सुमतीच्या घरात मात्र अजून बंब होता. तांब्याचा, पोट सुटलेला, सासऱ्यांच्या लग्नातला. सासूबाईंना, म्हणजे माईंना, आंघोळीला त्याचंच पाणी लागायचं. स्टोव्हच्या पाण्याला घासलेटाचा वास येतो म्हणायच्या. दर शनिवारी सुमती तो चिंचेने असा लखलखीत घासायची की त्याच्या पोटात बघून कुंकू लावावं. ती स्वतः कुंकू लावत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात माणसं उरली होती तीन: माई, सुमती आणि धाकटा दीर जगदीश.

माईंची बोटं संधिवाताने पार वाकडी झाली होती. तांब्या उचलता येत नसे, पोळीचा तुकडा मोडता येत नसे, मग बटणं लावणं तर लांबच. पौषातल्या गारठ्यात त्या पोलक्यावर लोकरीची बंडी घालत आणि सकाळी जो मोकळा असेल त्याच्यापुढे उभ्या राहत. जगदीश मोकळा असला की हटकून एक बटण चुकायचं. वरचं बटण दुसऱ्या काजात, दुसरं तिसऱ्यात, आणि शेवटचं बिचारं अधांतरी. स्वतःच्या शर्टाचीही तीच तऱ्हा. एक खांदा वर, एक खाली, असा तो विमा कंपनीच्या कचेरीत जायचा.

"जगू, बटण चुकलंय रे," सुमती रोज म्हणायची.

"राहू दे, वहिनी. गर्दीत कोण बघतंय?" तोही रोज म्हणायचा.

बंबाशेजारच्या फळीवर एक काचेची बरणी असे. सुमती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची, आणि ही बरणी तिच्या भावाची, कमलाकांतभाईंची, भेट होती. भाई आफ्रिकेत सोड्याच्या कंपनीत नोकरी करून गेल्याच दिवाळीत दादरला परतले होते. येताना त्यांनी धुण्याच्या सोड्याच्या खड्यांचा एक डबा आणला आणि तिथल्या तळ्याच्या पाण्याने भरलेली ही बरणी.

"तिथलं तळं म्हणजे पाणी नव्हेच गं," ते सांगत होते, "साबणाचा रस्साच. काठाला कढत झरे उकळतात, उन्हाने पाणी आटतं, मागे सोडा राहतो. हात घातलास तर कातडी सोलवटेल. पण त्या झऱ्यांच्या तोंडाशीच खरी वस्ती आहे."

"कुणाची?" जगदीशने विचारलं.

"जंतूंची. एकेकटा डोळ्यांना दिसत नाही. सगळे मिळून साय धरतात. वर हिरवी, खाली केशरी, त्याखाली गुलाबी. पापुद्र्यावर पापुद्रा."

"म्हणजे तेसुद्धा संयुक्तच म्हणा की!" जगदीश हसून म्हणाला. त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपलीकडे त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

भाईंनी बजावलं होतं की ऊब जाऊ द्यायची नाही, गार झालं की सगळं संपलं. म्हणून बरणी बंबाजवळ. नहाणीच्या झरोक्यातून दुपारचं ऊन तिच्यावर पडायचं. सुमतीने थेंबभर पाणी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा मळसूत्रासारखे हिरवे वळसे संथपणे फिरताना दिसले होते. जगदीश त्यांना 'पाहुणे' म्हणायचा आणि पाणी आटलं की आठवणीने भर घालायचा.

२

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहील, असं रेडिओवर जाहीर झालं आणि गिरगाव पेटलं. जगदीशने दाराआड रचून ठेवलेले मोर्चाचे फलक उचलले. सगळे काही त्याला नेता आले नाहीत. उरलेले काठ्यांसकट तिथेच भिंतीला टेकवून तो निघाला. पांढरा पॉपलिनचा शर्ट, एक खांदा वर, एक खाली.

"बटण चुकलंय रे," सुमती जिन्यापर्यंत जाऊन म्हणाली.

तो वळला नाही. खालूनच ओरडला, "माई, पाणी कढत ठेव गं! आल्यावर आंघोळ करीन."

दुपारी गोळीबाराचे आवाज आले. आधी लोकांना वाटलं फटाके असतील, मग खिडक्या धडाधड लागल्या. अश्रुधुराची झणझण जिन्यावरून वर आली. संध्याकाळी संचारबंदी पुकारली. जगदीश आला नाही.

"कुठेतरी अडकला असेल," माई म्हणाल्या. "बंब विझवू नकोस. आल्या आल्या त्याला पाणी लागेल."

दुसऱ्या दिवशी मागच्या गॅलऱ्या ओलांडत त्याचा मित्र माधव आला. माई आत पडून होत्या. त्याने सुमतीच्या हातात वर्तमानपत्राचं पुडकं ठेवलं आणि भिंतीकडे बघत बोलू लागला. "वहिनी, छातीला लागलं त्याच्या. रक्त थांबेना म्हणून आम्ही शर्ट काढून दाबून धरला. तेवढ्यात गाड्या आल्या, आम्ही पांगलो. परत गेलो तर जागा रिकामी. उचलून दवाखान्यात नेलं असेल. हो ना? नेलंच असेल." एवढं बोलून तो रडायला लागला, आणि माईंना ऐकू जाईल म्हणून सुमतीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

माईंना आजच काही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. खात्री नसताना सांगायचं तरी काय? आणि खात्री झाली की घरात सुतक येणार, चूल थंड होणार, बंब थंड होणार. त्या धगीवरच तर म्हातारी उभी होती.

३

पुडक्यातला जगूचा शर्ट टाकून देणं तिला जमेना. सोड्याने रक्त निघतं हे ती मुलींना शिकवत आली होती. माई उठायच्या आत तिने नहाणीतलं जुनं घंगाळ पुढे ओढलं, बंबाची तोटी सोडून ते कढत पाण्याने भरलं आणि त्यात भाईंच्या डब्यातले खडे टाकले. शर्टाची सगळी बटणं उघडी होती. तिने तो पसरून पाण्यात दाबला.

"सुमती, काय करतेस गं?" मागून माईंची हाक आली.

ती दचकली. कोपर फळीला लागलं, बरणी कलंडली आणि अर्धीअधिक घंगाळात रिकामी झाली. सुमतीने घाईने घंगाळावर पाट ठेवला.

"कपडे भिजत घातलेत, माई."

"जगूचे?"

खोटं बोलायची तयारी होती, पण ते ओठांवर आलंच नाही. "हो," ती म्हणाली. "आला की लागतील ना."

माईंनी मान हलवली. त्यांची नजर पाटावर होती. मग त्या भिंतीला धरून आत गेल्या.

संध्याकाळी तिने पाट उचलला. पाणी तांबूस झालं होतं. ते ओतून दुसरं घ्यायला हवं होतं. तिने घंगाळाच्या कड्यांना हात घातला आणि तशीच थांबली. जगूचं रक्त मोरीत कसं ओतायचं? गटारातून वाहत कुठे जाईल ते? तिला एकदम भडभडून आलं. ती लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा जगू लहान होता; माई कामात असताना ह्याच घंगाळात बसवून तिने त्याला न्हाऊ घातलं होतं. तिने पाट परत ठेवला.

मनात एक गोष्ट खटकली, पण तिने ती मनावर घेतली नाही. भरून एवढा वेळ झाला होता, तरी घंगाळाची कडी हाताला पोळत होती.

४

दुसऱ्या दिवशी पाण्यावर साय धरली होती. वर हिरवट, कडेला केशरी. शास्त्राच्या बाईंना आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं: सोडा आहे, ऊब आहे, झरोक्यातून ऊन आहे, आणि खायला काय आहे ते मनात आणायचं नाही. वास मात्र कुजल्याचा नव्हता. पाऊस नसताना ओल्या दगडाला येतो तसा काहीतरी होता. तिने फुंकणीच्या टोकाने साय बाजूला सारली आणि शर्ट पाहिला.

त्याची बटणं लावलेली होती.

सुमती पाटावरच बसली. घरात माणसं दोन. त्यातल्या एकीला स्वतःच्या बंडीचं बटण लावता येत नाही. मग आपणच लावली असणार. झोप नाही, अन्न नाही, हातांना सवय असते. कपडे भिजवताना लावली असतील आणि विसरलो असू. असं होतं. डोळ्यांनी पाहिलेलंही माणूस विसरतं.

मग तिने नीट पाहिलं. वरचं बटण दुसऱ्या काजात होतं, दुसरं तिसऱ्यात, शेवटचं अधांतरी.

तिने ती एकेक करून सोडली. पाण्याने बोटं बुळबुळीत झाली, धुऊनही साबण जात नाही तशी. सोडलेल्या शर्टावर तिने एक वरवंटा ठेवला आणि वर पाट.

वाडीत त्या दिवसांत इतकी शांतता होती की दोन घरांपलीकडचा चमचा पडलेला ऐकू यावा. दुपारी सुमती खिडकीशी बसली होती, तेव्हा नहाणीतून पाण्याचा आवाज आला. ठिबकण्याचा नव्हे. टबात कोणी कूस बदलली की पाणी कडेला येऊन हळूच परततं, तसा. त्यामागून माईंचं पुटपुटणं ऐकू आलं. माई कधी उठल्या ते तिला कळलंच नव्हतं.

ती गेली तेव्हा माई स्टुलावर बसल्या होत्या, बंबाकडे तोंड करून.

"कोणाशी बोलताय, माई?"

"कोळसे संपत आलेत गं," माई म्हणाल्या. "दुकानं कधी उघडणार?"

त्यांना बाहेर नेऊन सुमती परत आली. वरवंटा जमिनीवर होता, नीट भिंतीला लावून ठेवलेला. पाट किंचित उचलला गेला होता. खालून साय फुगून वर आली होती आणि तिच्याखाली शर्ट छातीशी भरला होता. ती बघत असताना तो जरासा बसला, आणि पुन्हा भरला.

वायू, सुमतीने स्वतःला सांगितलं. उन्हात हे जीव प्राणवायू सोडतात, बुडबुडे सायीखाली अडकतात, साय वर येते. पाठ्यपुस्तकातलं वाक्य तिने मोठ्याने म्हटलं, वर्गात म्हणायची तसं. बटणांकडे न बघता ती बाहेर आली आणि दाराला कडी घातली.

त्या संध्याकाळी कोळसे संपले. माईंनी तिला दाराआडच्या फलकांच्या काठ्या मोडून बंबात घालायला लावलं. विझव म्हणायची सुमतीची छाती झाली नाही.

५

संचारबंदी काही तासांसाठी उठली तेव्हा भाई दादरहून धावत आले. सुमतीने शेजारच्या काकूंना माईंजवळ बसवलं आणि दोघं दवाखाने पालथे घालायला निघाली. रस्ताभर विटा, काचा, जळके टायर. परळच्या एका दवाखान्यात मागच्या बाजूला, बिनबोलावता कोणी जात नाही अशा दारापाशी, जयवंत नावाचा एक वॉर्डबॉय भेटला. सुमतीने वर्णन सांगितलं.

"अंगात शर्ट नव्हता त्याच्या," तो खाली बघत म्हणाला. "डाव्या हाताला जुनी भाजल्याची खूण होती, इथं कोपराखाली. लांबट."

ती खूण बंबाच्या नळीची होती. जगू पाच वर्षांचा असताना धावत जाऊन धडकला होता.

"कुठाय तो?" भाईंनी विचारलं.

"नाव कळलं नाही, कोणी आलं नाही. बाकीच्यांबरोबर परस्पर अग्नी दिला, साहेब. मी हात जोडले होते. आमच्या आळीतलीही दोन पोरं होती त्यात."

सुमती तिथे रडली नाही. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि भाईंना घंगाळातलं सगळं सांगितलं. भाई हसतील, रागावतील, असं तिला वाटलं होतं. खरं तर तिला तेच हवं होतं. भाईंचा चेहरा मात्र उतरला.

"तिथं मेलेलं कुजत नाही गं," ते म्हणाले. "झऱ्याच्या तोंडाशी एक पक्षी पाहिला होता मी. महिनोन् महिने पडलेला असणार. वर साय चढलेली, पण पीस न् पीस जागच्या जागी. म्हटलं, बघूया तरी. काठीने सायीखाली जरा ढोसलं."

"मग?"

भाईंनी खिशातून रुमाल काढला आणि हात पुसले. हात कोरडेच होते. "मी पुन्हा त्या बाजूला गेलो नाही. सुमती, घरी जा, माईंना सगळं सांग, आणि बंब विझव. सुतकात विझतोच. गार झालं की सगळं संपेल. मीही येतो."

"नको," ती म्हणाली. "हे मीच सांगायला हवं."

६

वाटभर तिने वाक्यं जुळवली. माई, जगू गेला. माई, आपला जगू आता येणार नाही. कुठलंही वाक्य घेतलं तरी शेवटी ते तिथेच येत होतं.

दार काकूंनी नाही, माईंनी उघडलं. काकूंना त्यांनी मघाच घरी पाठवलं होतं. माईंचे केस ओले होते, अंगाला शिकेकाईचा वास येत होता आणि तोंडावर, इतक्या दिवसांनी, न्हाल्यासारखा तजेला होता.

"तुम्ही आंघोळ केलीत? पाणी कोणी घातलं?"

माई खिडकीशी जाऊन बसल्या. पांढऱ्या उन्हात त्यांची बंडी सुमतीला दिसली. बटणं लावलेली होती. वरचं दुसऱ्या काजात, दुसरं तिसऱ्यात, शेवटचं अधांतरी.

सवयीने सुमतीचे हात पुढे गेले. बटणांना बोट लागलं तर ते निसटलं. बुळबुळीत होती ती, आणि कोमट.

"माई," ती म्हणाली, "मी परळला जाऊन आले."

"ठाऊक आहे मला." माईंनी वाकड्या बोटांनी तिचं मनगट जमेल तसं धरलं. "तुझ्या तोंडावर लिहिलंय सगळं. माधव आला तेव्हाही मी जागी होते. पण तू ते बोलू नकोस. तू बोललीस की मला बंब विझवायला लागेल, सुमती. अजून नको. अजून थोडे दिवस नको गं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुमतीला वाटलं, आत्ता बोलले नाही तर पुढे कधीच बोलता येणार नाही. जुळवलेलं वाक्य तिने मनात शोधलं. सापडलं, ओठांपर्यंत आलं.

तेवढ्यात नहाणीत तोटी सोडल्याचा आवाज झाला. पाणी घंगाळात पडत राहिलं आणि मग तोटी बंद झाली.

"गार होतंय," माई हळूच म्हणाल्या. "काहीतरी घाल त्यात."

दाराआड शेवटचा फलक होता. सुमतीने तो उचलला, गुडघ्यावर काठी मोडली आणि नहाणीकडे गेली. परळला जाताना बाहेरून तिनेच घातलेली कडी आता निघालेली होती. आत ऊन आणि वाफ होती, आणि तो ओल्या दगडाचा वास. घंगाळ डाव्या हाताला होतं. तिने तिकडे पाहिलं नाही. पण पाट भिंतीला उभा टेकवलेला दिसला, आणि जमिनीवर, घंगाळापासून बंबापर्यंत, ओल.

ती बंबापुढे बसली. नळीत निखारे राखेखाली गेले होते. आत्ता काही केलं नाही, नुसती बसून राहिली, तरी थोड्या वेळात विझले असते. भाईंनी हेच सांगितलं होतं. तिच्यातल्या शास्त्राच्या बाई हेच सांगत होत्या.

समोर बंबाचं पोट होतं, गेल्या शनिवारी तिनेच घासलेलं. त्यात ती स्वतःला दिसत होती, रुंद आणि वाकडी. तिच्या मागे काहीतरी पांढरं उभं होतं. एक खांदा वर होता, एक खाली. मानेच्या वर वाफ होती, तिथे तिला नीट दिसलं नाही, आणि तिने बघायचा प्रयत्नही केला नाही. पाठीला मात्र ऊब लागत होती, तापातल्या पोराला पाठुंगळी घ्यावं तशी.

तिने काठीचे तुकडे नळीत सारले. फुंकणी ओठांना लावली आणि फुंकर घातली. जाळ धरला. वाळक्या लाकडाचा तडतडाट झाला आणि तांब्यावर तांबडा उजेड पसरला. मागचं पांढरं एक पाऊल जवळ आलं.

सुमतीने मान वळवली नाही. डोळे मिटून घेतले आणि रोजच्यासारखी म्हणाली,

"जगू, बटण चुकलंय रे."